फसलेल्या खुनी हल्ल्यांची जुनी छापील चित्रं: सगळ्यांनी विचारलेले प्रश्न, एकदाच सगळी उत्तरं

यंदा गणपतीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्याकडची १७ चित्रं लावली होती. कमिटीला रांगोळी प्रदर्शन हवं होतं पण रांगोळीवाल्या काकू गावाला गेल्या म्हणून माझा नंबर लागला. पाच दिवस तेच तेच प्रश्न आले, नंतर ग्रुपवरही येत राहिले, म्हणून आता एकदाच सगळं टाइप करतोय. काही उत्तरं लांबलीयेत, कारण तो भाग मला आवडतो.

ही नेमकी कशाची चित्रं आहेत?

राजा, राणी, सम्राट अशा कुणावर तरी जीवघेणा हल्ला झाला आणि तो फसला, त्याची त्या काळी छापून विकलेली चित्रं. हाताने रंगवलेलं एकुलतं एक पेंटिंग नाही, छापील. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, लाकडी ठोकळ्यावर कोरून किंवा दगडावर काढून शेकड्याने छापलेली, दुकानाच्या काचेत टांगलेली आणि लोकांनी चार पैसे टाकून घरी नेलेली. बहुतेक लंडन आणि पॅरिसची आहेत, काळ साधारण १७५० ते १८८२.

जगात एवढे विषय असताना हाच का?

बायकोचाही हाच प्रश्न आहे. खरं सांगायचं तर सुरुवात अपघाताने झाली, जुन्या बाजारात एका इंग्रजी साप्ताहिकाची सुटी पानं मिळाली त्यात व्हिक्टोरिया राणीवरच्या हल्ल्याचं एक पान होतं, ते घेतलं, मग दुसरं दिसलं आणि लक्षात आलं की एकाच घटनेची दोन चित्रं एकमेकांशी जुळतच नाहीत! एकात हल्लेखोर डावीकडे, एकात उजवीकडे. तिथून किडा लागला. आणि हल्ला यशस्वी झाला की चित्रं दुःखाची होतात, शवपेटी, रडणारी माणसं, ठरलेलं. हल्ला फसला की मात्र राजा जिवंत असतो, गादीवर असतो, उद्या तोच चित्र बघणार असतो, आणि छापणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मला त्या छापणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते बघायला आवडतं.

चित्रात दाखवलंय तसंच घडलं होतं का?

नाही. हे उत्तर १७च्या १७ चित्रांना लागू आहे.

दाराशी लावलेलं रंगीत चित्र घ्या, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढत होते. १० जून १८४०, संध्याकाळ, लंडनचा कॉन्स्टिट्यूशन हिल नावाचा रस्ता. व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट उघड्या, ठेंगण्या घोडागाडीतून फिरायला निघालेत, लग्नाला चार महिने झालेत, राणी गरोदर आहे. एडवर्ड ऑक्सफर्ड नावाचा १८ वर्षांचा पोरगा, दारूच्या गुत्त्यात काम करायचा आणि तेव्हा बेकार होता, तो दोन पिस्तुलं घेऊन उभा, एक झाडलं, मग दुसरं. दोन्ही वेळा कुणालाच काही लागलं नाही. राणीने स्वतःच्या रोजनिशीत लिहिलंय की दुसऱ्या वेळी तिने डोकं खाली घेतलं. साहजिक आहे, कुणीही घेईल. पण चित्रात बघा, राणी ताठ बसलीये, टोपीची रिबनसुद्धा हललेली नाही, जणू स्टुडिओत बसलीये.

बरं, तेवढंच नाही. त्या पिस्तुलांच्या गोळ्या कधी सापडल्याच नाहीत. पोलिसांनी भिंती, माती सगळं शोधलं. पिस्तुलांत गोळ्या होत्या की नुसती बंदुकीची दारू ठासली होती हा प्रश्न खटल्यातसुद्धा आला आणि शेवटी ज्युरीने त्याला वेडाच्या भरात केलं म्हणून सोडून वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. चित्रात मात्र गोळीबाराबद्दल शंकेला जागाच नाही, पिस्तुलाच्या तोंडातून एवढा जाळ आणि धूर निघतोय की दिवाळीतला अनार वाटावा. गोळी होती की नव्हती असं चित्र कोण विकत घेणार?

चित्रकार तिथे हजर असायचे का?

जवळजवळ कधीच नाही. बातमी आली की वर्तमानपत्रातलं वर्णन वाचायचं, जागा बघून यायची जमलं तर, आणि रात्रीत काढायचं. उशीर झाला तर शेजारचा दुकानदार आधी विकणार.

सर्वात मजेशीर म्हणजे गनपावडर कटाचं चित्र (माझ्याकडे त्याची खूप नंतरची प्रत आहे, अस्सल नाही, ते लेबलवर लिहिलं होतं तरी दोघांनी मला विचारलं की १६०५चा कागद एवढा पांढरा कसा). ५ नोव्हेंबर १६०५ला इंग्लंडची पार्लमेंट राजासकट उडवायचा कट होता, खाली ३६ पिंपं बंदुकीची दारू भरून ठेवली होती, ती सापडली. क्रिस्पाइन द पास नावाच्या कोरणाऱ्याने कटवाल्यांचं चित्र केलं, हॅट घातलेली दाढीवाली आठ माणसं एकमेकांच्या कानाला लागलीयेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. कट करणारे होते तेरा. आणि हा कारागीर राहायचा जर्मनीत, कलोनला, त्याने त्यातल्या एकालाही बघितलं नव्हतं. आज ती माणसं कशी दिसायची असं विचारलं की हेच चित्र पुढे करतात.

आणखी एक, हे हल्ल्याचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनचं पहिलं मोठं सचित्र साप्ताहिक १४ मे १८४२ला सुरू झालं, पहिल्याच अंकात हॅम्बुर्ग शहराच्या आगीचं चित्र. ते कसं केलं? ब्रिटिश म्युझियममधलं हॅम्बुर्गचं जुनं चित्र शोधून काढलं, नक्कल केली, वर ज्वाळा आणि धूर टाकला. झालं. आणि अंक सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, ३० मेला, जॉन फ्रान्सिस नावाच्या माणसाने व्हिक्टोरियावर पिस्तूल झाडलं. धंद्याच्या दृष्टीने याहून चांगला मुहूर्त नाही.

मग खोटीच चित्रं कशाला जपायची?

हा प्रश्न बी विंगच्या आजोबांनी विचारला आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, तर आजोबा, आता देतो.

कारण चित्र घटनेबद्दल खोटं असलं तरी घटनेनंतरच्या आठवड्याबद्दल खरं असतं. लोकांना काय बघायचं होतं, सरकारला काय दाखवायचं होतं, दुकानदाराला काय परवडत होतं, ते सगळं त्यात असतं.

तुम्ही ज्या काळपट चित्रासमोर थांबला होता ते घ्या. २४ डिसेंबर १८००, नाताळची आदली रात्र, पॅरिसची सेंट निकेझ गल्ली. नेपोलियन तेव्हा सम्राट नव्हता, पहिला कॉन्सल म्हणजे फ्रान्सच्या सरकारचा प्रमुख होता, ऑपेराला हायडनचं संगीत ऐकायला निघाला होता. गल्लीत एका छकड्यावर बंदुकीच्या दारूचं पिंप बांधून ठेवलेलं. नेपोलियनचा गाडीवान जोरात हाकत होता (प्यायलेला होता असंही म्हणतात), गाडी वळणापलीकडे गेली आणि मग स्फोट झाला, नेपोलियन वाचला, गल्लीतली माणसं मेली. चित्रकाराची अडचण समजून घ्या, स्फोट इथे आणि नेपोलियन वळणापलीकडे, दोन्ही एका चौकटीत बसत नाहीत. म्हणून त्याने गाडी मागे ओढली! माझ्या चित्रात गाडी अक्षरशः ज्वाळांच्या शेजारी आहे, घोडे उधळलेत.

आता त्या चित्रात काय नाही ते बघा. छकड्याचा घोडा धरायला कटवाल्यांनी एका १४ वर्षांच्या मुलीला १२ सू (तिथली चिल्लर नाणी) देऊन उभं केलं होतं. मारियान पेसोल तिचं नाव, आई गल्लीत पाव विकायची. पोरीला काहीही माहीत नव्हतं, ती जागच्या जागी गेली. माझ्या चित्रात ती नाहीये. मी भिंग घेऊन कोपरा न् कोपरा शोधलाय.

आणि पुढचं तर असं की नेपोलियनने लगेच डाव्या विचाराच्या जॅकोबिन लोकांवर आळ घेतला आणि त्यांच्यातल्या सव्वाशेहून जास्त जणांना समुद्रापार पाठवायचा हुकूम काढला. करणारे निघाले राजेशाहीवाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, तंतोतंत. खरे आरोपी सापडले कसे, तर पोलिसांनी मेलेल्या घोड्याचे अवशेष लोकांना दाखवायला ठेवले आणि घोडा विकणाऱ्याने ओळखला. या घोड्याचं चित्र मिळालं तर मी वाट्टेल तेवढे पैसे देईन. (बायको वाचत असेल तर, वाट्टेल तेवढे म्हणजे हजारच्या आत.)

ते खिडकीत पुष्कळ नळ्या असलेलं चित्र, ते यंत्र खरंच होतं का?

होतं. आणि माझ्या मते अख्ख्या हॉलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती पण ती खांबामागे लागली, कारण पुढची जागा प्रसादाच्या टेबलाला गेली.

२८ जुलै १८३५. फ्रान्सचा राजा लुई फिलिप आपल्या मुलांना घेऊन घोड्यावरून पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांपल रस्त्याने चाललाय, १८३०च्या क्रांतीचा पाचवा वाढदिवस, दोन्ही बाजूंनी शिपाई उभे. वरच्या एका खिडकीत फिएस्की नावाच्या माणसाने लाकडी चौकटीवर २५ बंदुकांच्या नळ्या ओळीने बसवून ठेवलेल्या, एकदम बत्ती द्यायची. दिली. १८ माणसं मेली, त्यात मार्शल मोर्तिए, नेपोलियनच्या लढाया करून जिवंत परत आलेला म्हातारा. राजाच्या कपाळाला गोळी नुसती चाटून गेली, जिवावरचं शेपटीवर निभावलं. काही नळ्या उलट्या फुटल्या, फिएस्की स्वतःच जबर जखमी झाला, डॉक्टरांनी मेहनत घेऊन त्याला बरं केलं आणि मग फेब्रुवारी १८३६ला त्याचा शिरच्छेद केला. सरकारी काम.

आता मुद्दा. या राजाची चित्रवाल्यांनी आधीपासून पार चेष्टा चालवली होती, त्याचं तोंड नासपतीसारखं दिसतं म्हणून भिंतीभिंतीवर नासपती काढायचे. ओनोरे दोमिए नावाच्या चित्रकाराने त्याला पैसे गिळणारा राक्षस काढलं म्हणून दोमिएला १८३२ला तुरुंगात टाकलं होतं. हल्ला झाल्यावर सरकारला निमित्तच मिळालं. सप्टेंबर १८३५ला कायदा आला की कुठलंही चित्र, कोरीव असो की दगडावरचं, आधी परवानगी घेतल्याशिवाय छापायचं नाही. कुणी म्हणालं की अहो राज्यघटनेत तर सेन्सॉरशिप परत कधी येणार नाही असं लिहिलंय, तर सरकारचं म्हणणं असं की ते मतांसाठी आहे, लिहिलेलं हे मत असतं, चित्र हे मत नाही, चित्र म्हणजे कृती, ते थेट डोळ्यांना भडकवतं. लेख छापायला आधी परवानगी नको, चित्राला हवी!

म्हणजे बंदुका फिएस्कीने लावल्या आणि गोळी लागली चित्रवाल्यांना. त्या हल्ल्याची राजनिष्ठ चित्रं, राजा शांत घोड्यावर आणि भोवती मेलेले शूर शिपाई, ती मात्र चालली. माझ्याकडचं त्यातलंच एक आहे. दोमिए पुढे ठग, वकील, घरमालक असल्यांची चित्रं काढायला लागला.

फोटो का नाहीत?

असा क्षण पकडणारा कॅमेरा नव्हता हो. पण गंमत ऐका, याच बुलेव्हार द्यु तांपल रस्त्याचा दागेरने १८३८ला, म्हणजे हल्ल्यानंतर तीन वर्षांनी, फोटो काढलाय आणि माणूस दिसणारा जगातला सगळ्यात जुना फोटो तोच मानतात. भर रस्ता, पण फोटोत रिकामा, कारण कॅमेरा कित्येक मिनिटं उघडा ठेवायला लागायचा आणि हलणारं सगळं पुसलं जायचं. फक्त एकजण बुटाला पॉलिश करून घेत उभा होता तो उमटला. आता सांगा, गोळी झाडतानाचा फोटो कसा येणार होता?

हल्लेखोरांचं पुढे काय झालं?

ते ज्याच्या त्याच्या देशावर. फ्रान्समध्ये १७५७ला दामिएने पंधराव्या लुईला छोटा चाकू मारला, थंडीचे जाड कपडे होते म्हणून थोडक्यात भागलं, पण दामिएचे जे हाल केले ते इथे लिहीत नाही, मुलंपण वाचतात. माझ्या पाहण्यात त्या प्रकरणाची जास्त चित्रं हल्ल्याची नाहीतच, शिक्षेची आणि साखळदंडातल्या दामिएची आहेत. राजाच्या अंगाला चाकू लागतोय हे दाखवण्यापेक्षा ते सोयीचं असणार.

आपला ऑक्सफर्ड मात्र बरीच वर्षं इस्पितळात काढून १८६७ला सुटला, इंग्लंड सोडायच्या अटीवर. नाव बदलून मेलबर्नला राहिला. आणि १४ जानेवारी १८५८ला फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर पॅरिसच्या ऑपेरापाशी बॉम्ब टाकणाऱ्या ओर्सिनीच्या टोळीतला कार्लो दी रुदिओ, त्याचा शिरच्छेद रद्द होऊन जन्मठेप झाली, तो पळाला, अमेरिकेत गेला, कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या घोडदळात भरती झाला आणि १८७६च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईतूनही, जिथे कस्टर स्वतः मेला, जिवंत सुटला. काही माणसांचा योगच वेगळा.

आपल्या महाराजांचं आणि अफजलखानाचं चित्र का नव्हतं?

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न, आणि रास्त आहे. साधं कारण असं की माझ्याकडे जुनी प्रत नाही. पुण्यात १८७८ला विष्णुशास्त्री चिपळूणकर वगैरे मंडळींनी चित्रशाळा प्रेस काढली, दगडावरून रंगीत चित्रं छापून घरोघरी पोचवली, त्यातली चांगल्या अवस्थेतली प्रत माझ्या बजेटमध्ये बसत नाही. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ची, आपण भिंतीवर बघतो ती छापील चित्रं दोनशे वर्षांहून जास्त नंतरची, हेही लक्षात असू द्या.

पण यावर मी बराच विचार केलाय. सभासद बखरीत येतं की आधी खानाने महाराजांची मान काखेत कवटाळली आणि जमदाड (कट्यार) कुशीत चालवली, ती अंगातल्या जरीच्या कुडतीवर खरखरली, लागली नाही. म्हणजे फसलेला हल्ला झाला तो हा. आता तुमच्या आजोळच्या घरातलं, सलूनमधलं, कॅलेंडरवरचं चित्र आठवा, त्यात हा क्षण असतो का? माझ्या आठवणीत तरी नाही. आपल्या चित्रात पुढचा क्षण असतो, वाघनखं खानाच्या पोटात. इंग्रज फ्रेंच छापणारे हल्ल्याचा क्षण धरतात आणि राजाला नुसतं शांत बसवतात, आपल्या छापणाऱ्याने उत्तराचा क्षण धरला. त्याला माहीत होतं घेणारा कोण आहे ते. बाजूला जिवा महाला सय्यद बंडाचा वार अडवताना असला तर उत्तमच, होता जिवा म्हणून वाचला शिवा.

पुण्यातलं किंवा मराठी मुलखातलं दुसरं काही?

पुण्यात २२ जुलै १९३१ला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचा हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर गोळ्या झाडल्या, हॉटसन वाचला आणि गोगटे जन्मभर हॉटसन गोगटे झाले. पण तोवर छापील चित्रांचा जमाना संपला होता.

दुसरं बडोद्याचं. नोव्हेंबर १८७४, रेसिडेंट म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी कर्नल फेअर, त्याच्या सरबतात सोमल (विष) आणि हिऱ्याची पूड सापडली, आळ मल्हारराव गायकवाडांवर. चौकशी कमिशनमध्ये तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते, मतं सरळ दुभंगली, तरी १८७५ला महाराजांना गादीवरून काढलंच आणि कवळाण्याहून आणलेले सयाजीराव बसले. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांत त्या चौकशीची चित्रं आली. पण रेसिडेंट म्हणजे राजा नव्हे (तसं त्याला सांगून बघायला हवं होतं), म्हणून माझ्या संग्रहात ते बसत नाही.

अस्सल जुनं कसं ओळखायचं?

आधी भिंग घ्या. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती नंतरची, फोटोवरून केलेली छपाई, पैसे खिशात ठेवा. तांब्याच्या पत्र्यावरचं असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन हाताला लागतो, अर्थात कडा कापल्या नसतील तर. साप्ताहिकाची मोठी चित्रं लाकडाचे बरेच ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडून केलेली असायची, एकेका कारागिराला एकेक तुकडा कोरायला, म्हणून कधीकधी मधूनच बारीक पांढरी सरळ रेघ जाते, ती रेघ दिसली की मला फार आनंद होतो.

आणि रंगाला भुलू नका. साप्ताहिकाची पानं काळीपांढरीच निघायची, त्यावरचा रंग बऱ्याचदा नंतरच्या विक्रेत्यांनी मारलेला असतो.

पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे तर कपाटातल्या साड्यांनापण वास येतो.

बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, ओल येते. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये माउंट म्हणजे जाड कागदाची चौकट हवी. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको, चिकटवायचंच झालं तर गव्हाची खळ, ती पाण्याने सुटते. कसर आणि झुरळं यांच्यासाठी महिन्यातून एकदा सगळं काढून बघणं याला पर्याय नाही. माझ्या एका चित्राची तर फ्रेम करणाऱ्यानेच वाट लावली, सुरकुत्या जाव्यात म्हणून पक्का गोंद लावून हार्डबोर्डवर ठोकून दिलं, वर मला म्हणाला आता बघा कसं टाइट बसलंय. ते आता हार्डबोर्डासकटच जपतोय.

कुठे मिळतात आणि केवढ्याला?

जुना बाजार, बुधवार आणि रविवार, पण दहा फेऱ्यांत एकदा. बाकी ऑनलाइन. साप्ताहिकाचं सुटं पान मला काही शे रुपयांतही मिळालंय, दाराशी लावलेल्या राणीच्या चित्राचा आकडा सांगणार नाही, कारण वर लिहिलंय कोण वाचतं ते.

आमच्याकडे एक जुनं चित्र आहे, फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगेन, पण मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात. फ्रेममधून स्वतः ओढून काढू नका. किंमत सांगणार नाही. आणि रात्री अकरानंतर पाठवू नका, ए विंगमधल्या दादांनी परवा पावणेबाराला टिपू सुलतानच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला होता.